कागदावरचे तीस फूट

माझी बायको वैजयंती गेल्या वर्षी चौदा मेला, दुपारी चारला दहा कमी असताना गेली. घरातल्या घरात, खुर्चीवर बसल्या बसल्या. ती कोर्टातून आली, काळा कोट काढून खुंटीला लावला आणि "पंखा वाढव" म्हणाली. पंखा पाचावरच होता. मी दही आणायला कोपऱ्यापर्यंत गेलो. परत आलो तेव्हा तिची मान कलली होती. अंग तव्यासारखं तापलेलं आणि ब्लाउज घामानं चिंब. डॉक्टर म्हणाले, घाम येत होता पण वाळत नव्हता. हवेत ओल फार असली की घाम वाळत नाही, आणि घाम वाळला नाही की शरीर निवत नाही. बंद घरात, सावलीत बसलेला माणूससुद्धा मग तासाभरात जातो.

त्या उन्हाळ्यात देवनळ शहरातल्या आमच्या तांबट आळीत सहा माणसं अशी गेली. वैजयंती चौथी. आळीच्या मागच्या अंगाला महापालिकेचा उष्मामनोरा आहे. आळीतले तांबट त्याला फुंकणी म्हणतात. तो त्याच वर्षी एक एप्रिलला सुरू झाला होता.

यंदा शहराच्या सुधारित विभाग आराखड्यावर हरकती मागवल्या, तेव्हा मी हरकत दिली. क्रमांक एकशे सतरा. त्यात दोनच वाक्यं लिहिली. तांबट आळीमागचा मनोरा बंद करावा. आणि तो तिथे लावायचं कोणी ठरवलं, त्याचं नाव मला सांगावं.

मला खरं तर दुसऱ्या वाक्यासाठी जायचं होतं. त्या माणसाला एकदा समोर बघायचं होतं. बघून काय करणार होतो ते माहीत नव्हतं.

बारा मार्चला सकाळी अकरा वाजता सुनावणी होती. सभागृहाबाहेर बाकावर माझ्या शेजारी एकशे अठरा क्रमांकवाला बसला होता. बशीर मोमीन. चाळिशीचा असेल. नदीपलीकडच्या मागवसाहतीत त्याचे चार यंत्रमाग होते.

"चाचा, तुमची हरकत कशावर?"

"फुंकणीवर."

"माझी मुतारीवर. वसाहतीत अकराशे माणसं आणि मुतारी एक. तिथं आराखड्यात बाग दाखवलीय. मी लिहिलंय, बाग खुशाल करा, गुलाब लावा. पाण्याची काळजी नको, रोज अकराशे माणसं घालतील."

दहा महिन्यांत पहिल्यांदा मला हसू आलं. हसल्यावर लाज वाटली.

*

इथं थोडं समजावून सांगायला हवं.

घर थंड करणारं यंत्र थंडी तयार करत नाही. ते घरातली उष्णता उचलून बाहेर टाकतं, आणि चालताना स्वतःची थोडी भर घालतं. एका घरानं हे केलं तर काही बिघडत नाही. लाख घरांनी केलं तर गल्ल्या भट्टीसारख्या होतात. ज्याच्याकडे यंत्र नाही त्याच्या खिडकीत यंत्रवाल्याची उष्णता जाते. आठ वर्षांपूर्वी अशाच एका म्हातारीची केस वैजयंतीनं चालवली. तिच्या एका खोलीच्या घराभोवती शेजारच्या इमारतीची चौदा यंत्रं गरम हवा फेकत होती. वैजयंतीनं कोर्टात एवढंच विचारलं, "सांडपाणी शेजाऱ्याच्या दारात सोडायला कायद्यानं बंदी आहे. मग उष्णता सोडायला परवानगी कशी?"

ती केस जिंकली. निकालात आलं की उष्णता हा कचरा आहे. कचरा कुठं टाकायचा हे शहरानं ठरवायचं. शहराच्या नकाशात राहण्याचा भाग वेगळा, कारखान्यांचा वेगळा, बाजाराचा वेगळा असतो, तसा आता उष्णता सोडण्याचाही भाग ठरवणं भाग पडलं. वैजयंतीलाच महापालिकेनं त्याचे नियम लिहायला बसवलं. देवनळचे नियम पुढे अकरा शहरांनी उचलले. जमिनीखालून थंड पाण्याचे नळ घरोघर गेले, गरम होऊन परत आले, आणि सगळ्या घरांची उष्णता एकाच मनोऱ्यातून ओल्या वाफेच्या रूपानं बाहेर पडू लागली. नव्या शहरात नळ आधी गेले. जुन्या शहराची पाळी तिसऱ्या टप्प्यात होती.

मनोरा उंच असला तरी ती ओली हवा पडत्या वाऱ्यात खाली येते. खालच्या गल्ल्या रुंद आणि वाऱ्याच्या दिशेनं असतील तर वारा ती झाडून नदीवर नेतो. अरुंद असतील तर ती तिथंच बसते. म्हणून जागा ठरवण्याआधी 'प्रतिनगर' नावाच्या यंत्रात ती तपासायची. प्रतिनगर म्हणजे संगणकात उभं केलेलं अख्खं देवनळ. प्रत्येक भिंत, झाड, गल्ली, घराघरातली माणसं, त्यांची वयं, त्यांची जाण्यायेण्याची वेळ. त्यात आधी उन्हाळा चालवून बघायचा आणि मगच खऱ्या शहरात मनोरा लावायचा. तसा नियम होता. तोही तिनंच लिहिलेला.

पण मनोऱ्याची जागा कशी ठरली ते मला माहीत नव्हतं. लोकांना हे खोटं वाटतं. मी सरकारी भूमापक होतो, आणि ती जमिनीच्या केसेस चालवायची. लग्नाच्या पहिल्याच वर्षी एका माणसानं अर्ज केला, नवरा मोजतो आणि बायको भांडते, दोघं मिळून खातात. तेव्हा आम्ही ठरवलं की तिची फाइल माझ्या टेबलावर येणार नाही आणि माझा नकाशा तिच्या. जेवताना कामाचं बोलायचं नाही. चौतीस वर्षं आम्ही ते पाळलं. आम्हाला त्याचा अभिमान होता.

*

सुनावणी अधिकारी हुपरीकर म्हणून होते. त्यांच्या बाजूला प्रतिनगर सांभाळणारी इंजिनिअर रेवा सोनटक्के बसली होती. वयानं तिशीची, डोळे जागरणानं लाल.

"एकशे सतरा. नंदकुमार तारळेकर."

मी उभा राहिलो. मी काही बोलायच्या आत रेवाच म्हणाली, "सर, यांची हरकत बरोबर आहे. प्रतिनगरनं सांगितलं होतं, तांबट आळीत तापमान अर्धा अंश वाढेल आणि माणूस एकही दगावणार नाही. गेल्या मेमध्ये आळीतल्या सेन्सरनं साडेचार अंश वाढ दाखवली. ओल दीडपट. असं का झालं ते आम्हाला कळलेलं नाही."

"कळलेलं नाही म्हणजे?" हुपरीकर म्हणाले.

"आळी पूर्व-पश्चिम आहे. तीस फूट रुंद आहे. वाऱ्यानं ती हवा झाडून न्यायलाच हवी होती."

तीस फूट हा आकडा मला ओळखीचा वाटला. पण मी तिकडे लक्ष दिलं नाही. मला नाव हवं होतं.

हुपरीकरांनी कागद उलटला. "मग उपाय?"

"मागवसाहतीजवळ राखीव मनोरा बांधून तयार आहे. एक एप्रिलपासून सगळा भार तिकडे वळवता येईल. तिथल्या गल्ल्या वीस फुटी. प्रतिनगरचं उत्तर, जीवितहानी शून्य."

मागून बशीरचा आवाज आला. "म्हणजे बाग गेली आणि फुंकणी आली?"

"तुमचा नंबर आला की बोला," हुपरीकर म्हणाले.

"बोलायचं काय साहेब, यंत्र शून्य म्हणतंय तर शून्य. आमचं पोटच यंत्रावर आहे. फक्त मुतारीचं बघा."

लोक हसले. हुपरीकरही हसले आणि माझ्याकडे वळले. "तारळेकर, तुमची मागणी मान्य झाली. या आता."

"नाव राहिलं," मी म्हणालो.

"मनोरा जातोय ना? मग नाव कशाला?"

"हवंय."

त्यांनी हातातला कागद खाली ठेवला. मग आवाज खाली आणून म्हणाले, "जागा ठरवण्याच्या बैठकीचं रेकॉर्डिंग आहे. हरकतदारानं मागितलं की द्यावंच लागतं, नियम आहे. पण माझं ऐका. घरी न्या. घरी ऐका."

"इथंच लावा."

रेवानं हुपरीकरांकडे पाहिलं. त्यांनी मान हलवली.

आधी एका पुरुषाचा आवाज आला, कुणीतरी इंजिनिअर. "मॅडम, तीन जागा निघतात. तांबट आळी, मागवसाहत आणि दवाखान्याजवळचा घाट. पण भूमापनाचे नकाशे जुने आहेत. एकदा लेझरच्या गाडीनं सगळ्या गल्ल्या मोजून घेऊ."

"नको." तो वैजयंतीचा आवाज होता. "गाडी फिरली की प्रत्येक ओटा पुराव्यात येतो. तीन महिन्यांत तोडायला माणसं येतील. तांबट ओट्यावर बसून भांडी ठोकतात. ओटा गेला की धंदा गेला. प्रतिनगरला भूमापनाचाच नकाशा द्यायचा. मी नियमात तसं लिहिते."

"पण नकाशात ओटे दिसतच नाहीत."

"घराच्या रेषेत धरले असणार. पुढे रस्ता उरतो तेवढाच काढलाय."

"असणार म्हणजे... खात्री कशी करायची?"

कागद उलटल्याचा आवाज आला. नंतर ती म्हणाली, "हा नकाशा ज्यानं मोजलाय त्याला मी ओळखते. तो फूटभरसुद्धा खोटं लिहीत नाही."

"मग तांबट आळी धरायची? तुम्ही तिथंच राहता ना मॅडम?"

"म्हणूनच धरा. दुसऱ्याच्या दारात सोडली म्हणून उद्या मला कोणी बोलायला नको." आणि ती हसली.

रेकॉर्डिंग संपलं. मी उभाच होतो. माझ्या हाताला टेबलाची कड लागत होती, पण ती कड माझ्या हाताला लागतेय असं वाटत नव्हतं. सभागृहात साठ-सत्तर माणसं होती. सगळी माझ्याकडे बघत होती.

"बसा तारळेकर," हुपरीकर म्हणाले. "पाणी द्या यांना."

*

एकोणीस वर्षांपूर्वी जुन्या शहराची फेरमोजणी झाली. ती मी केली. वरून हुकूम होता, रस्त्यावर आलेलं प्रत्येक बांधकाम लाल रेषेनं दाखवा. लाल रेषा म्हणजे अतिक्रमण, म्हणजे पाडापाडी. आमच्या खात्यात एक जुनी रीत होती. मला ती माझ्या वरिष्ठांनी शिकवली. ओटा आला की मोजायची काठी ओट्याच्या कडेला टेकवायची नाही. घराच्या भिंतीला टेकवायची. भिंत ते भिंत मोजायचं आणि ओटा काढायचाच नाही. काही जण ओटा घराच्या रेषेत घ्यायचे. मला ते पटायचं नाही. त्यानं घर कागदावर मोठं होतं, मालकाचा फायदा होतो, ते खोटं. लाल रेषा ओढली तर माणसाचा धंदा मोडतो. म्हणून मी ओटा गाळायचो. गाळण्यात खोटं आहे असं मला कधी वाटलं नाही. कोणाकडून कधी चहाशिवाय काही घेतलं नाही.

तांबट आळीत दोन्ही बाजूंना अकरा-अकरा फुटांचे ओटे. वर पत्रे, पत्र्यांना लावलेले बांबूचे तट्टे. मी कागदावर तीस फूट लिहिले आणि त्याच आळीतून चौतीस वर्षं बायकोबरोबर एकामागे एक चालत घरी गेलो, कारण समोरून स्कूटर आली तर शेजारी चालता यायचं नाही.

तिनं ओटे वाचवले. मीही ओटे वाचवले. एकमेकांना न विचारता. जेवताना तिनं फक्त एवढं विचारायचं होतं, "ओटे तू कुठं धरलेस?" चार शब्द. मी उत्तर दिलं असतं. पण ती माझ्या ताटात फाइल आणणारी नव्हती. आणि तिला विचारायची गरज वाटली नाही, कारण तिचा माझ्यावर विश्वास होता.

हे सगळं मला पाण्याचा पेला हातात असताना कळलं. पेला खाली पडला. तो पडल्याचं मला आवाजावरून समजलं.

"एकशे अठरा," कारकून म्हणाला. बशीर उठला. जाताना त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला. "चाचा, जिंकलात तुम्ही. घरी जा आता."

मला घरी जाता येत होतं. मनोरा जाणार होता, ओटे राहणार होते, वैजयंतीचं नाव राहणार होतं. माझी सही त्या नकाशाच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात होती आणि ती वाचायचं कोणाच्या मनातही नव्हतं. मी दारापर्यंत गेलो.

मागवसाहतही मीच मोजली होती. त्याच महिन्यात, त्याच काठीनं.

मी वळलो. "साहेब, थांबा. बशीरभाई, तुमच्या गल्लीतून रिक्षा जाते?"

बशीर हसला. "रिक्षा? चाचा, आमच्याकडे मय्यत निघाली तर जनाजा तिरका करावा लागतो."

"गल्ली किती रुंद?"

"हात पसरले की दोन्हीकडचे माग लागतात. पाच फूट, नाहीतर..." तो थांबला. त्यानं रेवाकडे पाहिलं. "तुम्ही वीस म्हणालात ना आता?"

रेवा समोरचा नकाशा पुन्हा बघत होती. तिचा चेहरा पांढरा पडला होता.

"तो नकाशा खोटा आहे," मी म्हणालो. "मी केलाय. जुन्या शहराचे सगळे तक्ते मी केलेत. ओटे, पुढे आलेल्या खोल्या, काहीच घेतलेलं नाही."

हुपरीकर उभे राहिले. "तारळेकर, तुम्हाला धक्का बसलाय. काय बोलताय ते समजतंय का? सरकारी नकाशा खोटा केला, हे तुम्ही साठ माणसांसमोर सांगताय. गुन्हा आहे तो. आणि बाईंचं नाव? त्यांच्या नियमावर अकरा शहरं चाललीत. उद्या लोक म्हणतील नवरा-बायकोनं मिळून माणसं मारली."

"म्हणू देत," मी म्हणालो. "पण याच्या गल्लीत वारा शिरत नाही."

बशीर अजून तसाच उभा होता. दोन्ही हात अर्धवट पसरलेले, मघाशी दाखवताना पसरले होते तसेच. तो हळूच म्हणाला, "साहेब, मुतारीचं राहू द्या. माझी हरकत बदलून घ्या."

*

हुपरीकरांनी बारा दिवस दिले. चार लाख माणसांच्या घरातली उष्णता कुठंतरी सोडायलाच लागणार होती, म्हणून तोपर्यंत दुसरं काही सिद्ध झालं नाही तर एक एप्रिलला मागवसाहतीचा मनोरा सुरू होणार. सिद्ध करायची रीत रेवानं सांगितली. दोन्ही भाग नव्यानं मोजायचे. तांबट आळीची खरी रुंदी प्रतिनगरमध्ये घालून गेल्या वर्षीचा उन्हाळा पुन्हा चालवायचा. यंत्रानं सेन्सरसारखेच आकडे दाखवले तर खरी मापं धरली जातील आणि मग मागवसाहतीचा निकाल फिरेल.

लेझरची गाडी दुसऱ्या दिवशी आली. आळीच्या तोंडाशी तिचा आरसा पहिल्याच ओट्याला घासला. गाडी पुढे शिरेना. रेवानं खाली उतरून गाडी मागे घ्यायला लावली. मी घरातून जुना टेप आणला.

बातमी आळीत आधीच पोचली होती. ठोकणं बंद होतं. सगळे आपापल्या ओट्यावर उभे. पहिला ओटा मंदावहिनी पोरेंचा. त्यांचे यजमान रघुनाथ, गेल्या मेमध्ये गेलेल्या सहांतले दुसरे. आता हातोडा त्या चालवतात.

"भाऊजी, ओटा कागदावर घेणार म्हणे?"

"हो वहिनी."

"तुम्हीच सोडला होतात तेव्हा. हे तुम्हाला पाणी तापवायचा बंब देत होते, तुम्ही घेतला नाहीत. हे सगळ्यांना सांगायचे, माणूस असावा तर असा. मग आता काय झालं?"

मी त्यांना सगळं सांगितलं. उभ्या उभ्या, आळीसमोर. तीस फूट, वारा, यंत्र, वैजयंतीचं रेकॉर्डिंग. त्या हातोडा हातात धरून ऐकत होत्या.

"म्हणजे हे गेले ते..."

"माझ्या नकाशानं."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मग आत गेल्या आणि दार लावून घेतलं. मागून कोणीतरी म्हणालं, "बायको खाल्ली, आता आळी खा." मी वळून बघितलं नाही. मी टेपचं टोक ओट्याच्या कडेला दगडाखाली दाबलं आणि समोर चालायला लागलो. टोक निसटलं. पुन्हा दाबलं. पुन्हा निसटलं. रेवा धरायला पुढे आली, तेवढ्यात दार उघडलं.

मंदावहिनी पायरीवर बसल्या आणि त्यांनी टेपचं टोक ओट्याच्या कडेला अंगठ्यानं दाबून धरलं. डोळे सुजले होते.

"वहिनी..."

"तुमच्याशी मला बोलायचंय. पण आत्ता नाही. आत्ता मोजा." मग मान वर न करता म्हणाल्या, "आणि ओटा पाडायला कोणी आलं तर पुढं तुम्ही उभं राहायचं. सांगून ठेवते."

"राहीन."

"किती भरले?"

"सात फूट चार इंच."

"लिहा मग. बघताय काय माझ्याकडे?"

आळी पूर्ण व्हायला दोन दिवस लागले. मागवसाहतीला सहा. तिथं बशीरनं टेप धरला. एका जागी साडेचार फूट भरले आणि तो म्हणाला, "चाचा, कागदावर तुम्ही आम्हाला किती मोठी जागा दिली होती." तो हे हसत म्हणाला. मी साडेचार लिहून घेतले.

*

तेवीस मार्चला सकाळी रेवानं मला प्रतिनगरच्या खोलीत बोलावलं. भिंतीएवढा पडदा, त्यावर वरून दिसणारं देवनळ. तिनं नवी मापं घातली आणि गेल्या वर्षीचा एक एप्रिल लावला. दिवस भराभर पुढे सरकायला लागले. आळीवर एक मळकट पिवळा रंग साचत गेला.

"साडेचार अंश," ती म्हणाली. "सेन्सरशी तंतोतंत." तिनं तोंडावर हात ठेवला. "काका, बरोबर येतंय सगळं."

"माणसं?"

"तुम्ही बघू नका."

"बघतो."

तिनं आळी मोठी केली. घराघरात पांढरे ठिपके होते. माणूस तेवढा ठिपका. यंत्र नाव ओळखत नाही, ती म्हणाली. वय, तब्येत, घराची खोली, सवयी, एवढंच. आमच्या घरात दोन ठिपके होते. मे महिना लागला. एक ठिपका विझला, पोरेंच्या घरातला दुसरा, मग तिसरा. चौदा मेला दुपारी तीन ते चारच्या तासात आमच्या घरातला एक ठिपका विझला.

जूनपर्यंत सहा विझले. मग तिनं मागवसाहत लावली. नव्या मापांवर, येणारा उन्हाळा. मी ठिपके मोजले नाहीत. आकडा कोपऱ्यात आपोआप येत होता. एक्केचाळीस.

रेवानं फोन लावला. हुपरीकरांशी बोलली, मग आणखी कोणाशी. अर्ध्या तासानं तिनं फोन ठेवला. "दोन्ही मनोरे बंद ठेवणार. नव्या शहराला थंड पाणी मिळणार नाही. ओरडतील लोक. ओरडू देत." तिनं माझ्यासमोर एक कागद सरकवला. "पण जुने तक्ते रद्द झाल्याशिवाय नवे धरता येत नाहीत. रद्द करायला मोजणाऱ्याची सही लागते. इथं."

मी पेन घेतलं. पडद्यावर तिनं जुना तक्ता उघडला होता. तेच देवनळ, पण गल्ल्या रुंद, मोकळ्या. तारीख आजची होती, वेळही.

"हे काय चाललंय?"

"जुनं गणित. ते थांबलेलं नाही, रोज पुढे चालतच असतं." ती अडखळली. "त्यात... त्यात आळीतलं कोणी गेलेलं नाही, काका."

मी आमचं घर शोधलं. एक ठिपका घरात होता. मी.

"दुसरा?"

रेवानं घड्याळ बघितलं. "कोर्टाची सवय धरलेली असेल. सुटून यायची वेळ काय असायची त्यांची?"

"एक वाजता जेवायला यायची."

एकला पाच मिनिटं कमी होती. मी पेन तसंच हातात धरून थांबलो. आळीच्या तोंडाशी एक ठिपका आला. तीस फूट रुंद रस्ता, एकही ओटा नाही, एकही पत्रा नाही. ठिपका रस्त्याच्या मधोमध सरळ चालत आला. त्याला कुठं अंग चोरावं लागलं नाही.

"सही केल्यावर हे थांबेल?"

"हो."

ती घरात शिरेपर्यंत मी थांबलो. मग माझं पूर्ण नाव लिहिलं, हुद्दा लिहिला आणि खाली तारीख घातली.